छप्पन्न तास

पन्नाशी उलटली त्या आठवड्यात मी ठरवलं की यापुढे एक क्षण वाया घालवायचा नाही. तो कसा घालवायचा नाही, हे ठरवण्यात पुढचे तीन आठवडे गेले.

सगळा दोष वाढदिवसाला आलेल्या डायरीचा. जाडजूड, गुळगुळीत कागद, प्रत्येक पानावर अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आणि तेही पहाटे पाचपासून. त्या पहिल्या रकान्याकडे बघूनच मला ओशाळल्यासारखं झालं. पहाटे पाचला मी आजवर जागा राहिलोय तो एक तर गाडी पकडायला, नाही तर दाढ ठणकत होती म्हणून.

तरी हिशेबाला बसलो. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६ वजा, नोकरी आणि जाण्यायेण्याचे ५६ वजा. उरले ५६. छप्पन्न तास! दर आठवड्याला एवढं घबाड हाती येतं आणि आपल्याला पत्ताही नाही? मी आनंदाने हा आकडा बायकोला ऐकवला. ती म्हणाली, “तुमचे असे निश्चय मी छप्पन्न पाहिलेत.”

मग चोर शोधायला निघालो. तो खिशातच सापडला. रोज सरासरी ३ तास ५२ मिनिटं, असं फोन स्वतःच सांगत होता; कबुलीजबाब द्यायला त्याला लाज नव्हती. म्हणजे आठवड्याचे सत्तावीस तास. घबाडातला जवळजवळ निम्मा भाग मी अंगठ्याने वर सरकवून टाकत होतो. फोन कमी कसा वापरावा, यावरचे व्हिडिओ लगेच पाहायला घेतले. त्या आठवड्याची सरासरी ४ तास ४० मिनिटांवर गेली.

पण त्यातून एक गोष्ट मिळाली. फ्रान्सेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर अभ्यासाला लावलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. जगाला हे फार नवं वाटलं. आपली घटका चोवीस मिनिटांची. बुडाला बारीक भोक असलेलं भांडं पाण्यावर सोडायचं, ते भरून बुडालं की घटका भरली. आता ‘घटका भरली’ म्हटलं की आपल्याकडे पुढचं काय ते सगळ्यांना समजतं. कदाचित म्हणूनच आपण या शोधाची जाहिरात केली नसावी.

माझी पहिली घटका पेन्सिलीला टोक काढण्यात भरली. दुसरी चष्मा शोधण्यात. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज इतिहासकाराने १९५५ साली एक गमतीदार लेख लिहिला होता: काम हे हाताशी असलेल्या वेळाएवढं फुगतं. त्यात एक रिकामी म्हातारी भाचीला पोस्टकार्ड धाडण्यात अख्खा दिवस घालवते. तासभर कार्ड शोधते, तासभर चष्मा, आणि पेटीपर्यंत जाताना छत्री घ्यावी की नको यावर वीस मिनिटं विचार करते. लोक हे वाचून हसतात. मला ती बाई फार व्यवस्थित वाटली. संध्याकाळपर्यंत तिचं पत्र निदान पडलं तरी.

वेळेचं जमेना, तेव्हा मोर्चा हळहळीकडे वळवला. टॉम गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात दाखवलं होतं, की नुकतंच काही घडलेलं असताना माणसाला केलेल्या चुकीची टोचणी जास्त लागते. पण मागे वळून सगळं आयुष्य पाहिलं की न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. झालं. न केलेल्या गोष्टींची यादी काढली. पोहणं, बासरी, जुन्या मित्राला फोन, पुन्हा एकदा पोहणं (यादी करताना डुलकी लागली होती).

बायकोने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. “कपाट आवरणं यात कुठे दिसत नाही?”

“ते केलं नाही याची मला हळहळ वाटत नाही.”

“मला वाटते.”

मी बासरी आणली. ज्यांनी कधी बासरी हातात घेतली नाही त्यांना वाटतं, प्रश्न सुरांचा आहे. सुरांचा प्रश्न फार पुढचा. आधी ती वाजायला हवी. ओठांची फट किती ठेवायची, फुंक भोकाच्या आत किती आणि कडेवर किती, हे एका केसाने चुकलं तरी नुसतं फुस्स. दहा मिनिटं मी फुस्स फुस्स केलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मुलगी दारातून डोकावली. “बाबा, गॅस गळतोय का?”

पण मी चिकाटी सोडली नाही. डायरीतल्या सहा ते साडेसहाच्या रकान्यात रोज ‘बासरी’ असं लिहीत गेलो. नवव्या संध्याकाळी बासरी जराशी आत वळली काय, ओठ जरासा घसरला काय, आणि अचानक एक सूर आला. खरा. थोडा कापरा, पण गोल, खोलीभर पसरणारा. मी इतका दचकलो की फुंकायचं थांबलो. त्याच क्षणी टायमर वाजलं.

ते बंद करून पुन्हा फुंकलं. फुस्स. पुन्हा. फुस्स. तो सूर कुठे गेला ते शोधण्यात केव्हा अंधार पडला, कळलंच नाही. जेवायला हाक आली तेव्हा साडेआठ झाले होते. सहा ते साडेसहा ठीक. पण पुढच्या चार रकान्यांत काय लिहायचं? ‘एक सूर शोधला, सापडला नाही’ असं डायरीत कोण लिहितं? पान कोरं ठेवणं जिवावर आलं, म्हणून चारही रकान्यांत मोठ्या अक्षरात लिहून टाकलं, ‘कपाट आवरलं’.

डायरी उघडीच राहिली. बायकोने ती वाचली. चष्मा लावून, सावकाश. मग उठून कपाट उघडलं आणि माझ्याकडे पाहत राहिली.

सध्या मी चौथ्या खणापर्यंत आलोय.