आम्ही चार जण झालोय, पाचवा पाहिजे

गेल्या रोहिणीत तागाचं बी आणायला रैत संपर्क केंद्रात गेलो होतो. शाळेला सुट्टी, म्हणून आठवीतली पोरगी गाडीवर मागे बसली. मी रांगेत उभा, ती भिंतीवरचे बोर्ड वाचत बसलेली. मी मराठी शाळेत शिकलो, कन्नड बोलतो बाजारापुरतं, वाचायचं म्हटलं की अजून अक्षर अक्षर जुळवावं लागतं. तिचं तसं नाही, घडाघडा वाचते. म्हणाली, "पप्पा, इथं सावयव कृषीचं काहीतरी लिहिलंय. गटाला पैसे मिळतात."

मी म्हटलं, सावयव म्हणजे काय, अवयवांसकट शेती?

"सेंद्रिय ओ पप्पा. कन्नडात सेंद्रियला सावयव म्हणतात."

चौथं वर्ष चाललंय माझं रासायनिक खत बंद करून. चार वर्षं त्याच दारातून बी घेऊन येतोय आणि त्याच भिंतीला टेकून रांगेत उभा राहतोय. काउंटरवरच्या साहेबांना विचारलं, तर ते चक्क मराठीत म्हणाले, "तुम्ही कधी विचारलंच नाही की." खरं होतं. मी फक्त "ताग आलाय काय" एवढंच विचारायचो.

परतताना डोक्यात एकच. आपल्या बेळगाव सीमाभागातल्या मराठी शेतकऱ्याची गोची पैशाची कमी आणि माहितीची जास्त आहे. तीही गंमतशीर. जी माहिती आपल्या भाषेत येते ती आपल्या उपयोगाची नाही आणि जी उपयोगाची आहे ती आपल्या भाषेत येत नाही.

जरा आपापला मोबाईल उघडून बघा. शेतीचे ग्रुप कोल्हापूर-सांगलीचे, व्हिडिओ पुण्या-नगरचे. महाडीबीटीवर अर्ज करा, सातबारा जोडा, पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशनमध्ये गट नोंदवा. सगळं मराठीत, अगदी गोड. आणि आपल्याला त्यातलं काहीच लागू नाही. आपल्याकडे सातबारा नसतो, आरटीसी असते, म्हणजे कर्नाटकातला जमिनीचा उतारा. आमच्या गल्लीतले दोघे तर चंदगडला जाऊन चौकशी करून आले. एकाचा युक्तिवाद असा, की २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना दिली, मग शेतीचीही मिळत असेल. दवाखान्याचं वेगळं आणि शेतीचं वेगळं, शेतीची प्रत्येक योजना जमिनीच्या उताऱ्याला बांधलेली असते, हे त्यांना सांगता सांगता माझा चहा गार झाला.

आता कुणी म्हणेल, मग मराठीत परिपत्रकं मागायचीच नाहीत काय? मागायचीच. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, हे १९५६ पासून ठरलेलं आहे. त्यासाठी एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला मीही काळी फीत बांधतो आणि पुढेही बांधेन. पण मराठी परिपत्रक येईपर्यंत आपली भातं थांबत नाहीत. तोवर पोरांकडून वाचून घ्यायला लाज कसली? आणि खरं सांगायचं तर अर्धे शब्द आपलेच आहेत. रैत म्हणजे रयत. पहाणी म्हणजे पाहणी. नवीन काय ते एकटं सावयव.

पहिली पायरी कागदाची, आणि तिथंच निम्मे लोक गळतात. फ्रूट्स आयडी, म्हणजे शेतकरी नोंदणीचा नंबर, नसेल तर कर्नाटकात शेतकरी म्हणून तुम्ही नाहीच, बियाण्याच्या सवलतीपासून पीकहानीच्या भरपाईपर्यंत सगळं त्या नंबरावर. तो काढायला आधार, बँकेचं पासबुक आणि आरटीसी. आमच्या वडिलांचं नाव आधारवर 'कल्लाप्पा', आरटीसीवर 'कल्लप्पा'. एका कान्यासाठी माझ्या नऊ फेऱ्या झाल्या. त्यात वडील जाऊन सहा वर्षं झालेली आणि उतारा अजून त्यांच्याच नावावर. वारसा लावायला कन्नडात 'पौती खाते' म्हणतात, हे मला सातव्या फेरीला कळलं. ज्यांचे उतारे अजून आजोबांच्या नावावर आहेत त्यांनी सेंद्रियचा विचार नंतर करा, आधी वारसा लावा. भावाभावांत बोलणं नसेल तर निदान त्या कागदापुरतं बोला.

आता पैशाचं. परंपरागत कृषी विकास योजना २०१५ पासून आहे. केंद्राचीच, पण राज्य कृषी खात्यामार्फत येते, म्हणजे आपल्याला लागू. सध्याच्या हिशेबानं हेक्टरी तीन वर्षांना ३१,५०० रुपये, त्यातले १५,००० थेट शेतकऱ्याच्या खात्यावर, बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणपत्र, विक्री वगैरेला. १५,००० ऐकून हुरळू नका. एकरावर आणून वर्षाला भागलं तर दोन हजार होतात. तेवढ्यात शेणखताची एक ट्रॉलीसुद्धा नीट येत नाही. शिवाय ही योजना २० हेक्टरच्या गटाला आहे. आमच्या मार्कंडेय नदीच्या काठाला २० हेक्टर म्हणजे पन्नास-साठ खातेदार. कुणाचे बारा गुंठे, कुणाचे जास्त. पन्नास घरं एका मतावर आणणं ग्रामपंचायतीच्या इलेक्शनलाही जमलेलं नाही.

म्हणून माझा सगळा भर दुसऱ्या गोष्टीवर आहे. तिचं नाव पीजीएस. सहभागी हमी पद्धत म्हणा.

प्रमाणपत्राचे दोन रस्ते आहेत. एक एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, २००१ पासूनचा. बाहेरची संस्था येऊन तपासते, फी घेते. माल परदेशी पाठवायचा असेल तर तोच लागतो. आपली रताळी आणि इंद्रायणी भात बेळगावच्या टिळकवाडीपर्यंत गेलं तरी पुरे, आपल्याला ते झेपणारं नाही. दुसरा पीजीएस. एकाच किंवा लागून असलेल्या गावातले किमान पाच शेतकरी एकत्र यायचं, शपथ घ्यायची, वह्या ठेवायच्या आणि एकमेकांची शेतं आपणच तपासायची. एकानं युरिया टाकला तर बोट सगळ्या गटाकडे. हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं, काजू-आंब्याला तीन. तोवर 'ग्रीन'चा शिक्का, मग 'ऑरगॅनिक'चा.

ऐकायला सोपं. आम्ही चौघांनी नोंदणीच्या आधी एकदा तालीम म्हणून एकमेकांची शेतं फिरून बघितली. माझ्या शेतावर आले, गांडूळखताची टाकी बघितली, जीवामृताचं पिंप उघडून वास घेतला, सगळे खूश. मग आमच्यातला एक, गवंडीकाम करणारा, बोलायला कमी पण डोळा बारीक, तो वरच्या बांधावर जाऊन उकिडवा बसला. म्हणाला, "हे पाणी कुठनं येतंय रे?" वरच्या खाचरातनं. वरचं खाचर तात्यांचं. तात्यांनी परवाच युरिया फेकलेला, कोपऱ्यात रिकामं पोतं अजून पडलेलं. भाताला बांध फोडून पाणी वरनं खाली सोडायची आपली वाडवडिलांपासूनची पद्धत, त्यामुळे तात्यांचा युरिया आपसूक माझ्या भाताला. मी चार वर्षं "माझ्या भातात काही नाही" म्हणून लोकांना तांदूळ विकतोय, आणि मला हे दिसलंच नव्हतं!

लाज वाटली. पण कुठला इन्स्पेक्टर एसी गाडीतनं उतरून तो बांध बघणार होता? तो वही बघून गेला असता. वरच्या बाजूनं चर काढून पाणी वळवायला आम्हा दोघांचे दोन दिवस गेले, आणि बांधाकडच्या दोन ओळींचं भात आता वेगळं मळून घरी खातो.

प्रमाणपत्राच्या नावावर फसवणारेही आहेत, ते सांगायलाच पाहिजे. तीन वर्षांपूर्वी एक जण इस्त्रीच्या शर्टात आला, 'ऑरगॅनिक सर्टिफिकेट काढून देतो' म्हणून सात जणांकडून दीड-दीड हजार घेऊन गेला. लॅमिनेशन केलेला एक कागद दिला, त्यावर पानाचं चित्र. त्या सातांत मीही होतो. तो कागद आई आता पापडाच्या डब्याखाली घालते. तेव्हा एवढं लक्षात ठेवा: आपल्या शेतातला माल आपण थेट खाणाऱ्याला विकत असलो आणि वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असली, तर अन्न सुरक्षा कायद्याखाली छोट्या उत्पादकाला सेंद्रिय प्रमाणपत्राची सक्तीच नाही. फक्त 'जैविक भारत'चा शिक्का पाकिटावर मारता येत नाही. दुकानात ठेवायचा झाला की मग कागद लागतो.

शिकायला कुठं जायचं? धारवाडच्या कृषी विद्यापीठात सेंद्रिय शेतीची वेगळी संस्थाच आहे, आणि सप्टेंबरातला तिथला कृषी मेळा म्हणजे आपल्याकडच्या जत्रेपेक्षा मोठी गर्दी. जिल्ह्यात बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोपला आणि गोकाक भागात तुक्कानट्टीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. कन्नडात बोलतात, पण चिखलात उभं राहून दाखवलेलं कळायला भाषा फारशी लागत नाही. मेळ्याला जाताना मोठी पिशवी न्या, एवढंच.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं, २,४८१ कोटींचं, देशभरात १५,००० गट आणि एक कोटी शेतकरी असं उद्दिष्ट. आकडे राहू देत. त्यातली कामाची गोष्ट म्हणजे कृषी सखी. बचत गटातली, गावातलीच बाई, तिला प्रशिक्षण देऊन गटातल्या शेतकऱ्यांना शिकवायला नेमायचं. आता विचार करा, बेळगावच्या पश्चिम भागातल्या गावात ही सखी जर मराठी बोलणारी, आपल्याच गल्लीतली सून असेल, तर भाषेचा अर्धा प्रश्न एका फटक्यात सुटतो. परिपत्रकाचं भाषांतर होण्याची वाट बघायला नको, माणूसच भाषांतर होऊन दारात येईल. आमच्या हिला मी हे सांगितलं तर म्हणाली, "तुम्हाला तरी माझं ऐकून शेती करायची सवय हाय काय?" हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवलाय. पण गटाच्या बैठकीत तिनं विषय काढला, दोघी तयार झाल्या.

गुळाचंही बघा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 'एक जिल्हा एक उत्पादन' म्हणून बेळगाव जिल्ह्याला गूळ आहे. केंद्राचं ३५ टक्के अनुदान, कर्नाटक सरकार वर १५ टक्के घालतं, म्हणजे निम्मा खर्च, १५ लाखांपर्यंत. गुऱ्हाळवाल्यांना ही संधी आहे, पण अडचण गिऱ्हाइकाची. हायड्रॉस, म्हणजे रंग उजळायची रासायनिक पावडर, न घालता, भेंडीच्या चिकानं मळी काढून केलेला गूळ काळपट होतो, आणि आपल्या बायाबापड्यांना पुरणपोळीला पिवळाधमक गूळ पाहिजे असतो. काळा गूळ चांगला, हे सगळ्यांना पटतं. सणाला घेताना हात पिवळ्याकडे जातो. माझ्या आईचासुद्धा.

आणि शेवटी बासमती. आमचे मामा यळ्ळूरचे. लहानपणी मामींनी चुलीवर भात ठेवला की गल्लीच्या तोंडाला कळायचं. अनगोळ, शहापूर, वडगाव, सगळ्या शिवारात बेळगाव बासमती, आणि भात कापलं की त्याच ओलीवर मसूर. आता त्या वडगावात प्लॉट पडलेत, आणि शिवारात जे भात आहे ते बहुतेक इंद्रायणी. इंद्रायणी १९८७ ला आली ती मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्रातून. म्हणजे एका वडगावचं भात दुसऱ्या वडगावच्या भातानं घालवलं! इंद्रायणीला नाव ठेवत नाही, माझं घर तिच्यावर चाललंय. बासमती उंच वाढते, वाऱ्यात लोळते, जास्त दिवस घेते, उतारा कमी देते. युरिया दिला की आणखीच लोळते. पण युरिया द्यायचाच नसेल तर? सेंद्रियवाल्यांनी ती धरायची नाही तर कुणी? २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्यांच्या जुन्या वाणाची नोंदणी शेतकऱ्यांच्याच नावानं होते, त्याला फी नाही. मामांकडे अजून दीड पायली बी आहे, कणगीत कडुलिंबाच्या पाल्यात. मागितलं तर म्हणाले, "देतो, पण पेरणार असशील तर. लोकांना दाखवून फोटो काढणार असशील तर नको."

पहिल्या वर्षी माझं भात बावीस पोत्यांवरून चौदावर आलं होतं, हे लपवत नाही. दुसऱ्या वर्षी सोळा. गेल्या साली वीस. उद्यमबागेतली नोकरी होती म्हणून ती दोन वर्षं निघाली. ज्याचं पोट फक्त शेतीवर आहे त्यानं सगळी शेती एकदम बदलू नये, दहा गुंठ्यांनी सुरुवात करावी.

तर आम्ही चार जण झालोय. फ्रूट्स आयडी चौघांचेही आहेत, उतारे सरळ झालेत, वह्या घातल्यात. पीजीएसला पाच लागतात. रविवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसतोय. मार्कंडेयकाठच्या आसपासच्या गावातलं कुणी यायचं असेल तर या, आरटीसीची प्रत आणि वाचणारं एक पोर बरोबर आणा.

तात्यांनाही सांगून ठेवलंय. वरचं खाचर त्यांचं आहे, ते आले तर चर बुजवून टाकता येईल. "बघतो की" म्हणालेत. हातात तंबाखू होती, मळत मळत म्हणाले, त्यामुळे हो म्हणाले की नाही ते अजून कळलेलं नाही.