‘कोकणी माणूस आळशी’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

मे महिना आला की एक मेसेज पुन्हा फिरू लागतो: ‘कोकणी माणूस आळशी. जमिनी पडीक, माणसं स्टँडवर गप्पा ठोकत बसलेली. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. आणि आगीशिवाय धूर निघत नाही.’ आमच्या चाकरमान्यांच्या ग्रुपांवरही तो पुढे ढकलला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जमिनी पडीक आहेत, खरंच. पण त्यावरून थेट माणसाच्या स्वभावावर घसरायचं? १९६७ साली जोन्स आणि हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना क्यूबाचा नेता फिडेल कॅस्ट्रो याच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. बाजू लिहिणाऱ्याने निवडलेली नाही, नेमून दिली आहे, हे सांगूनही निबंधातली बाजू हेच लिहिणाऱ्याचं खरं मत, असं वाचक धरत राहिले. परिस्थिती उघड दिसत असतानाही आपण माणसाच्या स्वभावाकडेच बोट दाखवतो. वाटण्या होऊन गुंठ्यांवर आलेली, सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं असलेली कातळाची जमीन कसणार कोण? कसणारे हात पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत राबले. आळशी माणूस रातपाळी करायला घर सोडून जात नाही.

‘डोळ्यांनी पाहिलं’ म्हणजे कधी? सुट्टीत, उन्हं चढल्यावर. आंबे उतरवणारे तेव्हा पहाटेचं काम आटोपून बसलेले असतात. जूनमध्ये हर्णैला होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतात, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. गुडघाभर चिखलात लावणी चालते, तेव्हा बघायला पाहुणे नसतात.

पण डोळ्यांचाही भरवसा किती धरावा? डार्ली आणि ग्रॉस यांचा १९८३ चा प्रयोग मला सगळ्यात बोलका वाटतो. हॅना नावाच्या मुलीची चित्रफीत. काहींना तिचं घर-परिसर सुखवस्तू दाखवला, काहींना गरीब. एवढंच पाहणाऱ्यांनी तिच्या हुशारीबद्दल फारसा वेगळा निकाल दिला नाही. मग काहींना ती प्रश्नांची उत्तरं देतानाची एकच चित्रफीत दाखवली. ‘श्रीमंत’ हॅना हुशार ठरली, ‘गरीब’ हॅना मागे. पुरावा तोच, पण प्रत्येकाला आधी मनात होतं तेच त्यात सापडलं. स्टँडवरच्या गप्पांचंही तसंच होतं: शहरात कट्ट्यावर बसला तर निवांत, गावात बसला तर आळशी.

राहिला धूर. हॅमिल्टन आणि गिफर्ड यांनी १९७६ साली अ गटाबद्दल २६ आणि ब गटाबद्दल १३ वाक्यं वाचायला दिली. दोन्हीकडे चांगल्या-वाईट वर्तनाचं प्रमाण सारखंच, ९ला ४. तरी वाईट वर्तन लोकांनी ब गटाच्या नावावर जास्त मांडलं. गट लहान, वाईट वर्तनही कमी; दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की मनात ठसतात. म्हणजे आग नसताना धूर दिसला.

समूहांबद्दलच्या काही समजुती वास्तवाशी जुळतात, हे मानसशास्त्रज्ञ ली जसिम यांनी दाखवलं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण त्यांनी त्या समजुती मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. मेसेज पाठवणाऱ्यांनीही सांगावं: कामाचे तास कोणी मोजले, कुठल्या हंगामात, आणि तुलना कुठल्या जिल्ह्याशी केली?