भिंती रंगवा, पण पाऊस विचारात घेऊन

आमच्याकडे कोकणात सध्या एकही मोकळी भिंत सुटत नाहीये. एसटी स्टँड, पाण्याची टाकी, मच्छी मार्केट, शाळेचं कंपाउंड. कुठे मोर, कुठे 'पाणी वाचवा'चा थेंब, कुठे पृथ्वी हातावर घेतलेली मुलं. हीच पृथ्वी नाशिकला, हीच नागपूरला. स्वच्छ सर्वेक्षणाची पाहणी जवळ आली की ठेकेदाराची माणसं येतात, घाईघाईत चित्रं उरकतात, फोटो काढतात, जातात. मग जून येतो.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख, आणि जांभा दगड पाणी पिणारा. चिऱ्यावर गिलावा करून वर ऑइलपेंट मारला की आत मुरलेलं पाणी जाणार कुठे? आधी फुगे, मग पोपडे. आमच्या रस्त्यावरच्या मोराचं तोंड श्रावणातच गळून पडलं. मानेवर शेवाळ मात्र असं चढलंय की मूळ रंगापेक्षा तेच बरं दिसतं. पिसारा तेवढा शाबूत, कारण तो छपराखाली येतो.

भिंतचित्रांना माझा विरोध नाही. मुंबईत ससून डॉकवर २०१७ साली कलाप्रकल्प झाला होता. १८७५ पासूनचा तो धक्का, कोळंबी सोलणाऱ्या बायका, तो वास, आणि तिथल्याच कोळी माणसांचे भलेमोठे काळे-पांढरे फोटो भिंतींवर. एरवी नाक दाबून जाणारी मंडळी तिकडे मुद्दाम गेली. ते जमलं, कारण भिंतीवर तिथलीच माणसं होती.

आपल्याकडे तर याची वानवाच नाही. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, अठरा मीटर लांबीचा हत्ती कातळात कोरलाय, त्याच्या अंगात मासे, पक्षी आणि कितीतरी प्राणी. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि शहरातली भिंत रंगवताना कोणाला ती आठवत नाहीत! कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात तिचं संग्रहालय उभं केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टपोऱ्या डोळ्यांची ती रामायणातली पात्रं कुडाळ-सावंतवाडीच्या स्टँडवर का नकोत? पण ती काढायला पिंगुळीचेच कलाकार बोलवा आणि त्यांना रीतसर मानधन द्या. गुगलवरून चित्र उतरवून घेणारा पेंटर नको.

आणि कायमस्वरूपीचा हट्ट सोडा. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. खाऱ्या वाऱ्यात काही कायमचं करायचं तर त्याचा अभ्यास आणि खर्च वेगळा असतो. भिंतीला तो परवडत नाही, गरजही नाही. आपण दर वर्षी पावसाआधी घर शाकारत आलोच ना? तसं दिवाळीनंतर भिंत खरवडायची, चुना मारायचा, नवं चित्र काढायचं. नगरपरिषदेच्या बजेटमध्ये दर वर्षाची तरतूद हवी, एकदाच मोठं टेंडर नको. आणि सरसकट सगळं रंगवूही नका. न गिलावलेल्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ब्रश फिरवणाऱ्याला माझ्या मते दंडच व्हायला हवा.

राहता राहिले सेल्फी पॉइंट. 'आय लव्ह' आणि पुढे गावाचं नाव, मध्ये लाल बदाम, रात्री दिवे. एका बंदरावर (नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील) ही अक्षरं नेमकी जाळी वाळत घालायच्या जागेवर बसवली. रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी मोर्चाबिर्चा काही काढला नाही. एकाला मी विचारलं, "काका, आता जाळी कुठे घालता?" म्हणाले, "त्येच्यावरच. बरा उंच केलानी हा, वारो लागता." गेल्या महिन्यात पुण्याचं एक कुटुंब तिथे फोटोसाठी ताटकळत उभं होतं. जाळी सुकेपर्यंत 'लव्ह' काही दिसणार नव्हतं.