पंचविसातलं तिसरं

दांडिया बाजारातला वाडा सुटला, फ्लॅटमधे आलो, हॉलची एक भिंत मोकळी राहिली आणि मला बुद्धी झाली की इथे खऱ्या कलाकाराचं चित्र लावू. बडोद्यात राहतो, 1950 पासूनची फाइन आर्ट्स फॅकल्टी रिक्षाच्या अंतरावर, तिथे जायचं सोडून मोबाइल काढला. चूक माझीच.

हल्ली या स्वतंत्र कलाकारांच्या साइट्स म्हणजे नुसतं दुकान नसतं, सगळं इंटरॅक्टिव्ह. आधी विचारलं मूड कोणता, शांत की अस्वस्थ, मग भिंतीचा रंग, मग सोफ्याचा, बजेट सगळ्यात शेवटी, तोवर मूड अस्वस्थच झालेला. सयाजीरावांचं बरं होतं बुवा, रविवर्म्याकडून पुराणातल्या प्रसंगांची 14 चित्रं काढून घेतली, त्यांना कुणी दरबारातल्या सोफ्याचा रंग नाही विचारला.

मग आलं 'तुमच्या भिंतीवर बघा'. कॅमेरा भिंतीकडे धरून फोन हळूहळू फिरवायचा. मी फिरवतोय, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आणि स्क्रीनवर एकच, 'पृष्ठभाग सापडला नाही'. आई आतून, "कुणाची आरती चाललीय रे?" ऑफिसातल्या पोराने नंतर सांगितलं की कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर कॅमेऱ्याला धरायला काहीच मिळत नाही, डाग, रेघ, काहीतरी लागतं. म्हणजे भिंतीवर काही लावून बघायचं तर आधी भिंतीवर काहीतरी पाहिजे! एकुलता एक खिळा होता (घरमालक दुसरा ठोकू देत नाही), त्याला कालनिर्णय अडकवलं, झटक्यात भिंत सापडली. चित्र जरा लहान वाटलं म्हणून दोन बोटांनी मोठं केलं, मस्त दिसलं.

चित्राखाली बटण, 'कलाकाराशी बोला'. इथेच फसलो. पोरगा बिचारा लगेच आला चॅटवर, म्हणाला या लाल रंगात माझं एकटेपण आहे. आई मंगळ बाजारातल्या घासाघिशीत तयार झालेली, खांद्यावरून वाचत होती, म्हणाली, "एकटेपण ठीक आहे, पण फायनल किती ते विचार." मी टाइप केलं, 'अगदी भिडलं'. आता दुकानदाराला आपण बिनधास्त सांगतो, बघून येतो हां, पण ज्याचं एकटेपण वाचलंय त्याला काय सांगणार, दोन दुकानं फिरून येतो?

मग खाली लिहिलेलं, जिक्ले प्रिंट, आर्काइव्हल पेपर, 3/25. जिक्ले म्हणजे भारी शाईचं इंकजेट, आर्काइव्हल म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारा कागद, हे शोधल्यावर कळलं. आईने नेमका आकडा पकडला. "पंचवीसपैकी तीन? नापास झालेलं कशाला घेतोस?" मी समजावलं, अगं फक्त पंचवीस प्रती काढतात, ही तिसरी, कलाकार स्वतः पेन्सिलने नंबर घालतो. "म्हणजे छापीलच ना? आजीच्या देवघरातली लक्ष्मी पण छापील होती." यावर काय बोलणार, रविवर्म्याने 1894 साली छापखाना काढला तो घरोघरी देव पोचावेत म्हणूनच, तिथे कुणी ही पंचविसातली तिसरी लक्ष्मी असं म्हणत नव्हतं.

आठ दिवसांनी पार्सल. तीन थर बबल रॅप, पुठ्ठा, त्यात सुकलेलं फूल आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी, आणि मग चित्र, 8 बाय 10 इंच, त्यात चारी बाजूंनी इंचभर पांढरी कड. दोन बोटांनी मोठं केलेलं कार्टमधे जात नाही, हे तेव्हा कळलं. आई चिठ्ठी वाचून म्हणाली, "अक्षर छान आहे हो पोराचं."

फ्रेम करून त्याच खिळ्याला लावलं. दोन दिवस टिकलं. दुधाचा हिशेब कालनिर्णयवर असतो, गॅसची तारीख त्यावर असते, त्यामुळे तिसऱ्या दिवशी ते आपल्या जागी परत आलं, चित्राच्या वरून, आणि चित्र पूर्ण झाकलं गेलं, कडेसकट. काल पोराचा मेसेज आला, 'घरात कसं दिसतंय, फोटो पाठवाल का?' कालनिर्णय काढलं, फोटो काढला, कालनिर्णय परत अडकवलं. "नीट लाव," आई म्हणाली, "आज दोन पिशव्या आल्यात, लिहायचंय."