‘नॉक ऑफ’ (म्हणजे डुप्लिकेट माल) ह्या पिक्चरच्या आमच्या शोला एक स्टार देणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार, दीडशे रुपये पाण्यात, पिक्चर भंगार, प्रिंट पायरेटेड, आवाज ओठांशी जुळत नव्हता, समोसा गार. आवाजाचं आधी बोलतो कारण ती चूक आमचीच, स्पीकर ब्लूटूथवर होता म्हणून मागे पडत होता, इंटरव्हलला पोराने वायर लावली तेव्हा कुठे सुधारलं. सॉरी.

पण पायरेटेड नाही हो. डिस्क ओरिजिनल, शोची परवानगी रीतसर, कागद काउंटरवर आहेत कधीही येऊन बघा. तुम्हाला जे हललेलं, धूसर वाटलं ते डायरेक्टर त्सुई हार्कने शूटच तसं केलंय, हातरिक्षा ओढायच्या रेसआधी हिरो व्हॅन डॅम बुटात पाय घालतो तेव्हा कॅमेरा चक्क बुटाच्या आत आहे, पाय आपल्या तोंडावर येतो! आणि बुटावर नाव काय तर ‘पुम्मा’, एक एम जास्तीचा. पळता पळता तो बूट उसवतो आणि मागे रिक्षात बसलेला त्याचा पार्टनर रॉब श्नायडर हातात वाम मासा घेऊन त्याला चाबकासारखे फटके हाणतोय. तुमच्या बाजूचे काका हसून खुर्चीतून पडायचे बाकी होते, तुम्ही तेव्हा मोबाईलवर होतात (राग मानू नका, मी मागेच उभा होतो).

स्टोरीचं म्हणाल तर तुमच्याशी भांडणार नाही. डुप्लिकेट जीन्सच्या बटणात बॉम्ब, रशियन माफिया, सीआयए, त्यात १९९७ ला हाँगकाँग चीनकडे परत जायची गडबड, कोण कोणाच्या बाजूने आहे ते मला चौथ्यांदा बघूनही नीट कळलेलं नाही. १९९८ ला आला तेव्हा समीक्षकांनी धू धू धुतला, साडेतीन कोटी डॉलरचा पिक्चर अमेरिकेत जेमतेम एक कोटीवर थांबला. आणि लिहिणारा कोण, तर ‘डाय हार्ड’ ह्या गाजलेल्या ॲक्शन पिक्चरच्या दोन लेखकांपैकी एक, स्टीव्हन डिसूझा (नाव वाचून मला आधी वसईचा वाटलेला).

मग लावला कशाला? तर ह्या धंद्याच्या आधी अकरा वर्षं माझं कल्याणला जीन्सचं दुकान होतं, माल सगळा उल्हासनगरचा, ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा जोक आम्हीच गिऱ्हाईकाला ऐकवायचो. गठ्ठा सोडला की पहिलं बटण बघायचं, कापड शिलाई नंतर, कारण डुप्लिकेटवाला कापडावर पैसे घालतो पण बटणावर वाचवतो, अक्षरं पुसट, नखाने खरवडलं की पॉलिश निघतं. (मी विकला का तसला माल? तो विषय वेगळा.) तर अख्ख्या पिक्चरचं घोडं बटणापाशी अडलंय आणि स्फोट झाला की हिरवागार जाळ, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घरात एकटा बसून टाळ्या वाजवल्या होत्या. समीक्षकांनी कधी जीन्स विकली असती तर अर्धा स्टार वाढवला असता असं आपलं मला वाटतं.

पोस्टरवर ‘क्लासिक’ लिहिलेलं ते मात्र चुकलंच, पोराने टाकलं, आता खोडलंय. दीडशे रुपये परत देतो, तिकीट नसलं तरी चालेल, तोंड ओळखतो मी.

समोशाचं मात्र मान्य नाही, तो गरमच होता.