अर्धी फाइल गुलाबी

संगणकाला रंगांचं काही पडलेलं नसतं. कोड काळाठिक्कर दिला तरी तो मुकाट चालवतो. रंग लागतात आपल्याला. कोड लिहायचा एडिटर 'इफ' जांभळं करतो, आकडे हिरवे करतो, अवतरणातला मजकूर गुलाबी करतो, आणि आपल्याला वाटतं याला सगळं समजलं. राजेहो, त्याला ढेकळं समजत नाही. खुणा पाहतो अन् रंग फासतो.

फाइलीत एकच भाषा असली तर हे सोंग निभून जातं. माझ्या फाइलीत पाच होत्या. घाटंजीकडच्या आमच्या गावात बसून मी शहरातल्या कंपनीचं काम करतो, त्यामुळं 'कॉम्प्युटरचं सारं याले येते' अशी माझी ख्याती पसरली आहे. त्या ख्यातीपायी एका कृषी केंद्राचा बिलांचा प्रोग्रॅम गळ्यात पडला. तक्रार एकच: युरियाचं बिल निघतं, बियाण्याचं निघतं, पाईपचं निघत नाही. ज्यानं प्रोग्रॅम लिहिला तो केव्हाच पसार. एचटीएमएलच्या पोटात सीएसएस आणि जावास्क्रिप्ट, मधूनमधून पीएचपी, आणि पीएचपीच्या दुहेरी अवतरणात कोंबलेलं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसकडं माहिती मागायची भाषा. पीएचपीच्या लेखी ते एसक्यूएल म्हणजे नुसता मजकूर. पण माझा एडिटर (नाव घेत नाही, उखाणा सुचला तर घेईन) अंगची हुशारी दाखवतो. अवतरण उघडताच 'सिलेक्ट' हा एसक्यूएलचा शब्द दिसला, की आतल्या मजकुराला तो एसक्यूएलचे रंग देतो.

पाहुणी भाषा कुठं सुरू झाली हे कोणीही सांगेल. बोंब असते ती कुठं संपली याची.

फाइलीच्या मध्यावर मालाच्या नावावरून भाव शोधणारी ओळ होती. लिहिणाऱ्यानं एसक्यूएलचं एकेरी अवतरण उघडलं, लगेच पीएचपीचं दुहेरी बंद केलं, खालच्या ओळीवर मालाचं नाव टिंबानं जोडलं, त्याच्या खाली दुहेरी पुन्हा उघडून आतलं एकेरी बंद केलं. पीएचपीला हे चालतं. एडिटरमधलं एसक्यूएल मात्र आपलं एकेरी अवतरण बंद व्हायची वाट पाहत बसतं, आणि वाटेत दुहेरी आलं तर मजकूर समजून गिळतं. तरीही जोड्या शेवटी जुळून गेल्या असत्या. पण मधल्या ओळीवर त्या भल्या माणसानं शेरा मारला होता, जो पीएचपी वाचतही नाही: '20' पाईप धरून'. वीसवरची ती फुटाची खूण म्हणजे एकेरी अवतरणच की! एडिटरनं तिथंच एसक्यूएलचा मजकूर बंद केला. तिथून पुढं आतलं ते बाहेर आणि बाहेरचं ते आत. फंक्शनं गुलाबी, शेरे गुलाबी, जीएसटी गुलाबी.

बाबा वावरातून आले ते खांद्यावरचा दुपट्टा काढत स्क्रीनपाशीच थांबले.

"काऊन रे, सारं गुलाबी काऊन झालं?"

"अवतरण भलतीकडं बंद झालं, बाबा."

"बोंडअळी हाय ते. भोक एकीकडं पाडते अन् नासाडी दुसरीकडं दिसते. गुलाबी हाय तिथं नोको पाहू, वर पाय."

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आमच्याकडची कपाशी पोखरली, तेव्हापासून त्या रंगाबद्दल त्यांचं मत पक्कं आहे. निदान मात्र बरोबर होतं, हे कबूल करणं मुलाच्या जिवावर येतं.

मग मी त्यांना सविस्तर सांगितलं, म्हणजे ते ऐकत उभे राहिले. टेक्स्टमेट नावाच्या एडिटरनं २००४ च्या सुमारास 'ही खूण आली की सुरू, ती खूण आली की बंद' अशा नमुन्यांचा रिवाज पाडला आणि पुढं व्हीएस कोडनंही तोच उचलला. एकेक ओळ वाचायची, आपण कोणाच्या पोटात आहोत ते खालच्या ओळीला सांगायचं. वरच्या ओळीनं थाप मारली तर खालच्या सगळ्या ती खरी धरून चालतात. हे नमुने जुळवणाऱ्या तयार कोडचं, म्हणजे लायब्ररीचं, नाव ओनिगुरुमा.

"याच्यावर फवारा कोणता?" बाबांनी विचारलं.

फवारा आहे. ट्री-सिटर. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी तो लिहिला, २०१८ मध्ये ॲटम एडिटरात आला. ॲटम २०२२ च्या डिसेंबरात बंद पडला, पण ट्री-सिटर टिकला, आणि २०२३ मध्ये ईमॅक्स एडिटरच्या २९ व्या आवृत्तीतही शिरला. तो आधी बाहेरच्या भाषेचं झाड रचतो, अवतरणाची हद्द ठरवतो, मगच आतला तुकडा एसक्यूएलच्या हवाली करतो. आत कितीही धिंगाणा होवो, हद्दीबाहेर येत नाही. पण प्रत्येक भाषेचा पार्सर, म्हणजे तिची रचना ओळखणारा प्रोग्रॅम, वेगळा उतरवावा लागतो, आणि आमच्याकडं लाइट गेली की टॉवरही जातो. पहिला पार्सर अर्धा उतरला आणि पंखा थांबला.

उघडी फाइल आणि घामाघूम मी, एवढंच उरलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. दुकानदारानं मालाच्या यादीत पाईपचं नाव लिहिताना फुटाची खूण टाकली होती. ते नाव टिंबानं जोडून एसक्यूएलमध्ये गेलं की डेटाबेसही वीसवर थांबतो: नाव संपलं म्हणतो आणि पुढच्या शब्दाला अडखळून चूक दाखवतो. एडिटर जिथं भांबावला, नेमका त्याच जागी डेटाबेस भांबावत होता. एखाद्या लबाडानं ठरवून तशी खूण लिहून पुढं स्वतःचं एसक्यूएल जोडलं, तर तेही डेटाबेस इमानदारीनं चालवील. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. इतके दिवस मी एडिटरला शिव्या देत होतो, आणि तो बिचारा न समजताच खरं दाखवत होता.

उपाय जुनाच. पीएचपी ५.१ पासून, म्हणजे २००५ पासून, पीडीओ ही डेटाबेसशी बोलायची सोय सोबतच येते. अवतरणात नाव जोडायचंच नाही. तिथं नुसतं प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि नाव वेगळं पाठवायचं. लाइट आल्यावर ओळ तशी लिहिली. पाईपचं बिल निघालं, आणि खालची सगळी फाइल आपापल्या रंगात परतली.

दुसऱ्या दिवशी दुकानात लॅपटॉप उघडून दाखवला. मालकांनी बिल पाहिलं, स्क्रीन पाहिली, पुन्हा बिल पाहिलं.

"इथं जांभळं, निळं, केसरी सारं हाय. अन् बिलावर नुसतं काळं?"

"भाऊ, ते रंग मला वाचायसाठी असतात."

"मंग रंगाचे पैसे कापा."

बरीच घासाघीस झाली. शेवटी बिलाच्या माथ्यावर दुकानाचं नाव हिरव्या रंगात येईल असं करून दिलं, तेव्हा कुठं पैसे सुटले. त्यांचा प्रिंटर फक्त काळ्या शाईचा आहे, हे मी काही बोललो नाही.