अंडरव्होल्ट केल्याने आयडलचे वॉट उतरत नाहीत

ग्राफिक्स कार्ड अंडरव्होल्ट करा, म्हणजे त्याचं व्होल्टेज उतरवा, आणि आयडलची, म्हणजे काम नसतानाची, वीज वाचवा, असा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. सोबत ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन स्क्रीनशॉट. मजकूर साधारण असा: “गेम चालू नसतानाही तुमचं ग्राफिक्स कार्ड ४०-५० वॉट खातं. आफ्टरबर्नर उघडा, व्होल्टेज ८५० मिलिव्होल्टवर आणा, कोअर क्लॉक उणे ५०० करा, पॉवर लिमिट ५० टक्के. आयडलची वीज निम्मी होते, बिलात महिन्याला पाचशे रुपये वाचतात, आणि एकदा लावलं की परत बघायला नको.”

आफ्टरबर्नर हे कार्डाचं व्होल्टेज आणि वेग बदलण्याचं सॉफ्टवेअर, आणि कोअर क्लॉक म्हणजे मुख्य चिपचा वेग. मजकुरातलं पहिलं वाक्य बऱ्याच घरांत खरं आहे, म्हणूनच पुढचं सगळं पटतं. पण रोग बरोबर ओळखून औषध भलत्याच जागी लावलेलं आहे.

“व्होल्टेज ८५० मिलिव्होल्टवर आणा.”

चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या प्रमाणात बदलते, हे सूत्र बरोबर. गेम खेळताना १.०५ व्होल्टवर धावणारी चिप ०.८५ वर आणली तर वर्गाचं गुणोत्तर साधारण ०.६६ येतं. आरटीएक्स ३०८० सारखं ३२० वॉटचं कार्ड अंडरव्होल्ट केल्यावर गेममध्ये कितीतरी वॉट कमी खातं आणि पंखेही शांत होतात, त्याचं कारण हेच. ते जरूर करा.

पण आयडलला चिप १.०५ व्होल्टवर नसतेच. एनव्हिडियाच्या अलीकडच्या पिढ्यांत कार्डाला काम नसलं की ते पी८ या अवस्थेत उतरतं: कोअर साधारण २१० मेगाहर्ट्झ, मेमरी ४०५, आणि व्होल्टेज ०.७ च्या आसपास. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेज आणि क्लॉकचा जो आलेख उघडतो, तो सहसा ७०० मिलिव्होल्टपासूनच दिसतो. तुम्ही ८५० पासून पुढची रेघ सपाट करता, आणि आयडलचा बिंदू त्या रेघेच्या पार डाव्या टोकाला असतो. त्याला हातसुद्धा लागत नाही.

समजा, कसंही करून तिथले ५० मिलिव्होल्ट काढले. ०.६५ भागिले ०.७, त्याचा वर्ग, म्हणजे १४ टक्के घट. तीही कशात? कोअरच्या वाट्याच्या मोजक्या वॉटांत. बाकीची वीज मेमरी चिप, मेमरी कंट्रोलर, व्होल्टेज रेग्युलेटरमधला तोटा, पंखे आणि मॉनिटरला सिग्नल देणारा भाग यांच्यात जाते. तिथे या आलेखाचं काही चालत नाही.

“कोअर क्लॉक उणे ५००, पॉवर लिमिट ५० टक्के.”

हे दोन्ही झटपट उरकू. कोअर आधीच तळाच्या २१० वर आहे, त्यातून ५०० वजा करायला जागाच नाही. आणि पॉवर लिमिट ही वरची मर्यादा आहे. डेपोत इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या एसटीला स्पीड गव्हर्नर लावला म्हणून डिझेल कमी जळत नाही.

“कार्ड आयडलला ४०-५० वॉट खातं.”

मग हे का घडतं? खरा मुद्दा इथे आहे, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमका हाच गाळला आहे. आयडलला जास्त वीज खाणारं कार्ड बहुतेक वेळा आयडलला गेलेलंच नसतं. कोअर खाली उतरलेला दिसतो, पण मेमरी वरच अडकलेली असते. आरटीएक्स ३०८० ची मेमरी पी८ मध्ये ४०५ मेगाहर्ट्झ दाखवते आणि पूर्ण वेगात ९५०१. या दोन आकड्यांतलं अंतर पाहिलं की वॉट कुठे जातात ते कळतं.

मेमरी वर का अडकते? सर्वांत सामान्य कारण म्हणजे मॉनिटर. मेमरीचा क्लॉक बदलताना क्षणभर तिच्यातून वाचन थांबतं. त्याच क्षणी स्क्रीनवर चित्र रंगवणं चालू असेल तर झटका दिसतो. म्हणून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, हा बदल दोन फ्रेमच्या मधल्या फटीत उरकतो, जिला व्हर्टिकल ब्लँकिंग म्हणतात. मॉनिटरच्या सिग्नलच्या वेळा ठरवणाऱ्या सीव्हीटी मानकाच्या कमी ब्लँकिंगच्या पद्धतीत ही फट किमान ४६० मायक्रोसेकंदांची, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी. एक मॉनिटर असेल तर जमून जातं. पण एक १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र रंगवणारा (हाच रिफ्रेश रेट), आणि शेजारी जुना ६० हर्ट्झचा असे दोन लावले की त्यांच्या फटी एकाच वेळी येतीलच असं नाही. मग ड्रायव्हर धोका पत्करत नाही, मेमरी वरच ठेवतो. एकच मॉनिटर पण खूप जास्त रिफ्रेश रेटचा आणि फट फारच अरुंद, तरी हेच होतं.

डिसेंबर २०२२ मध्ये एएमडीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स आलं तेव्हा याच कारणाने ओरड झाली होती. जास्त रिझोल्यूशन आणि जास्त रिफ्रेश रेटच्या काही मॉनिटरवर आयडलची वीज जास्त राहते, असं एएमडीने आपल्या ड्रायव्हरच्या ज्ञात त्रुटींच्या यादीतच लिहिलं. परिस्थिती सुधारली ती पुढच्या ड्रायव्हरांमुळे.

म्हणून आधी आफ्टरबर्नरमध्ये व्होल्टेज नाही, मेमरी क्लॉक बघा. तो वर अडकलेला असेल तर एक मॉनिटर काढून बघा. उतरला? मग १४४ चा मॉनिटर १२० वर ठेवून बघा, म्हणजे तो ६० च्या नेमका दुप्पट होतो. दोन्ही मॉनिटर सारख्या रेटवर आणता आले तर आणखी बरं. कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी हे सॉफ्टवेअर वापरून ब्लँकिंगची फट रुंद करणारे लोकही आहेत. ते चालतं, पण स्क्रीन काळी पडली तर परत कसं यायचं हे आधी वाचून ठेवा. सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय असा, की प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर दुसऱ्या मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावावी.

मॉनिटर निर्दोष सुटला तर बाकीचे संशयित तपासा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर मॅनेजमेंट ‘प्रिफर मॅक्झिमम परफॉर्मन्स’वर सरसकट लावून ठेवलेलं असतं, कुठल्यातरी एफपीएस (गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढवण्याच्या व्हिडिओच्या सल्ल्याने. हलते वॉलपेपर. मागे उघडी राहिलेली, व्हिडिओ चालू असलेली ब्राउझरची टॅब.

इंटेलच्या आर्क ए७७० आणि ए७५० चं उदाहरण तर या मजकुराला पुरेसं उत्तर आहे. ती कार्डं आयडलला फार खातात अशी तक्रार होती. इंटेलने सांगितलेला उपाय: बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एएसपीएम, म्हणजे कार्डाच्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीची वीज वाचवणारी सोय, चालू करा आणि विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये पीसीआय एक्सप्रेसची लिंक स्टेट ‘मॅक्झिमम पॉवर सेव्हिंग्ज’वर ठेवा. व्होल्टेजचा आलेख त्यात कुठेच नाही.

“हे बघा, आधी आणि नंतर.”

दोन स्क्रीनशॉटमध्ये मॉनिटर किती, कुठली विंडो उघडी, हे दिसत नाही. निम्मी वीज टॅब बंद केल्यानेही झालेली असू शकते. दोन वेगळी कार्डं शेजारी ठेवली असतील तर आणखी जपून. एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेत सॉफ्टवेअरला दिसणारा आकडा फक्त चिपचा असतो, ७००० मध्ये पूर्ण बोर्डाचा. आणि लॅपटॉपवर तर आकडा बघायला सॉफ्टवेअर उघडलं की झोपलेलं कार्ड जागं होतं. तुम्ही मोजता ती तुमच्याच मोजण्याने वाढलेली वीज.

“महिन्याला पाचशे रुपये.”

हिशेब करू. मेमरीचा घोळ सोडवून २० वॉट वाचले, पीसी रोज ८ तास चालू: महिन्याला ४.८ युनिट. हिशेबाला सोपा म्हणून १२ रुपये युनिट धरला तर ५८ रुपये. पाचशे वाचवायला सुमारे ४२ युनिट हवेत, म्हणजे त्याच ८ तासांत १७५ वॉटची घट. जे कार्ड ५० वॉट खातं त्यातून १७५ वॉट कसे काढणार? पॉवर सप्लायचा तोटा धरला तरी या आकड्यांत फार फरक पडत नाही. महावितरणच्या बिलात वाचलेले युनिट वरच्या स्लॅबमधले असतात, तो फायदा खरा. स्थिर आकार मात्र तसाच राहतो. अर्धा तास उठून जाताना पीसी स्लीपमध्ये टाकलात तर आणखी थोडी वीज वाचेल.

चोवीस तास चालणाऱ्या मशीनची गोष्ट वेगळी. तिथे तेच २० वॉट महिन्याला १४.४ युनिट होतात.

“एकदा लावलं की परत बघायला नको.”

अशा चोवीस तासांच्या मशीनवर क्लॉकशी खेळून खरोखर वीज वाचते, एवढं मान्य करायला हवं. मात्र तिथे क्लॉक उणे करायचा नसतो, कार्डाला खालच्या अवस्थेत बांधून ठेवायचं असतं. लिनक्सवर एएमडीच्या ड्रायव्हरला परफॉर्मन्स लेव्हल ‘लो’ करायला सांगता येतं. एनव्हिडियाच्या अनेक नव्या कार्डांवर एनव्हिडिया-एसएमआय या कमांडमधून कोअर आणि मेमरीचा क्लॉक बांधता येतो. विंडोजवर एनव्हिडिया इन्स्पेक्टरचा मल्टी डिस्प्ले पॉवर सेव्हर हेच करतो: ठरावीक प्रोग्रॅम चालू झाला तरच कार्डाला वर जाऊ देतो. मेमरीत मोठं एआय मॉडेल भरून ठेवलेली कार्डंही काम नसताना वरच्या अवस्थेत अडकतात, तिथे याचा उपयोग चांगला होतो.

पण ‘परत बघायला नको’ इथेही खोटंच. एनव्हिडिया-एसएमआयचं बंधन रीबूटनंतर उरत नाही, ते सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घालावं लागतं. एएमडीची लेव्हलही तशीच. दोन ४के मॉनिटर जोडून मेमरी तळाला बांधली तर स्क्रीन फडफडू शकते. आणि बंधन काढायला विसरून गेम सुरू केलात, तर तो गेम २१० मेगाहर्ट्झवर चालेल.